अयूबची सीट

भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचू नये. हे भरदुपारी घडलंय. आणि ऐकीव नाही, माझ्याच बाबतीत घडलंय.

साल १९५७, मार्च महिना. जागा म्हणाल तर सूरजागडच्या डोंगरातून एटापल्लीकडे उतरणारी कच्ची वाट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. माझी नव्वदी उलटली, म्हणून नात लिहून घेते आहे. पदरचं काही घातलेलं नाही.

मी दसरू. एका लाकडाच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर होतो. जंगलात जिथे तोड चालायची, तिथून सागवान खाली आणायचं, हे काम. सहा वर्षं त्याचा खटारा हाकला.

मग ठेकेदाराने लिलावातून लष्कराचा जुना ट्रक आणला. चारही चाकांना जोर असलेला.

त्यात एक आखूड दांडा होता. आम्ही त्याला लॉक म्हणायचो. तो ओढला की चाकं एकमेकांना बांधली जायची. एक घसरलं तरी दुसरं ओढायचं. गुडघाभर चिखलातून तो ट्रक म्हशीसारखा आरामात बाहेर यायचा.

सगळे म्हणाले, गाडी दसरूला मिळणार. मीही तेच धरून चाललो होतो.

मिळाली अयूबला.

अयूब चांद्याचा. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, कामावर लागून सहा महिने झालेले. माझा नुसता जळफळाट झाला. त्याचं हसणंसुद्धा मला खपेना.

त्याची एक सवय होती. अवघड उतार आला की गाडी उभी करायचा आणि सगळा उतार आधी पायी चालून यायचा.

"काऊन रे, गाडीले वाट दाखवून राह्यला का?" मी डिवचायचो.

"निसरडं कुठी हाये, थे पायालेच समजते दसरूभाऊ," तो म्हणायचा. "अन् एक ध्यानात ठेवा. लॉक कडक जमिनीवर लावाचं नाई. अन् वळणावर काढूनच टाकाचं. नाई तं गाडी वळत नाई, सरळ जाते."

मला शिकवत होता. सहा वर्षं जुन्या ड्रायव्हरला.

आता जे सांगतो, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

आदल्या ऑक्टोबरमधला शुक्रवार. अयूब नमाजला गेला होता. मी त्याचा ट्रक काढला. आमच्या लाकूड डेपोच्या मैदानात, वाळलेल्या टणक जमिनीवर, मुद्दाम लॉक लावून फिरवला. गाडी वळेना. मी लॉक काढायला गेलो, निघेना. लाथ मारली.

आत काहीतरी कट्ट झालं...

लॉक निघालं, पण दांडा त्यानंतर अडकायला लागला. मी ट्रक होता तिथे आणून लावला आणि तोंड बंद ठेवलं. वाटलं, होऊ दे फजिती शहाण्याची.

तीन दिवसांनी पाऊस झाला. अयूब भरल्या गाडीने उतरत होता. चिखल होता म्हणून लॉक लावलेलं. वळण आलं...

लॉक निघालं नाही.

ट्रक सरळ नाल्यात गेला. स्टिअरिंग छातीत घुसून अयूब जागीच गेला. त्याची बायको जाहिदा डेपोत आली, तेव्हा मी लाकडांच्या थप्पीमागे उभा होतो.

महिन्याभरात ट्रक दुरुस्त होऊन आला. ठेकेदाराने तो माझ्या हातात दिला.

पहिल्याच दिवशी पहाटे गाडीत चढलो. थंडी अशी की बॉनेटला हात लावला तर बोटं बधिर व्हावीत. सीटवर बसलो...

सीट गरम होती.

कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी खाली पोतं घातलं. थोड्या वेळात तेही गरम झालं.

मनात म्हटलं, मेला तरी जागा सोडत नाही. भीती नंतर वाटली. आधी रागच आला.

आता मार्चमधली ती दुपार. मागे अकरा मजूर होते, आठवडी बाजाराला निघालेले. पुढे माझ्या शेजारी सोमारी, जंगलात लाकूडतोडीला येणारी बाई. तिला ताप होता म्हणून आत बसवलं होतं. आभाळ काळंभोर झालेलं. उताराच्या तोंडाशी सोमारी म्हणाली, "भाऊ, अयूबभाऊ इथी उतरून पाहे."

"मले गरज नाई," मी म्हणालो आणि गाडी खाली घातली.

अर्ध्या उतारावर गारा सुरू झाल्या.

बोराएवढ्या. मग आवळ्याएवढ्या. मागचे लोक ताडपत्रीखाली ओरडत होते. बघता बघता वाट पांढरी झाली. त्या वाटेवर मी असं कधीच पाहिलं नव्हतं. घाबरून ब्रेक दाबला...

चारही चाकं थांबली. गाडी थांबली नाही.

ट्रक नुसता सरकत होता, आवाज न करता. समोर तेच वळण, जिथे अयूब गेला होता. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलो होतो. लॉककडे हात न्यायचं सुचलंच नाही.

आणि मग...

माझा पाय ब्रेकवरून उचलला गेला. मी उचलला नव्हता.

आखूड दांडा आपोआप मागे आला. खट्.

चाकांनी जमीन धरली. गाडी सावकाश झाली. वळण हातभर राहिलं, तसा दांडा पुढे गेला. खट्. ट्रक वळला. वळण सरलं आणि दांडा पुन्हा मागे.

पुढे तीन वळणं होती. तिन्ही वेळा तसंच.

खाली आल्यावर इंजिन बंद पडलं. गाराही थांबल्या होत्या. झाडांवरून पाणी टपकण्याचासुद्धा आवाज नव्हता.

सोमारी माझ्या हातांकडे बघत होती.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "तुहे दोन्ही हात तं वरतं होते. मंग थो दांडा कोन ओढला?"

मी दार उघडून खाली उतरलो. मागून लोक उड्या मारून उतरले. मजुरांतला म्हातारा लच्छू माझी पाठ थोपटत म्हणाला, "आज तं अयूबसारखी चालवली रे तू."

अयूबसारखी.

जीव वाचला होता. अकरा मजूर वाचले होते, सोमारी वाचली होती. आणि मी मात्र आतून जळत होतो. मेलेला माणूस माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवतो, याचीच आग. असला मी.

मी एकटाच वर चालत गेलो. गारांवर आमच्या चाकांच्या पट्ट्या उमटल्या होत्या. सगळ्यात वरच्या, पहिल्या वळणाशी पोचलो आणि थांबलो...

पट्ट्यांच्या शेजारी बुटांचे ठसे होते. एकाच माणसाचे. जिथून आम्ही सरकायला लागलो, त्या जागेपासून वळणापर्यंत खाली गेलेले. तिथून वर परत आलेले.

उतार पाहून आलेले.

शेवटचा ठसा, सरकायला लागलो तेव्हा माझ्या बाजूचं दार जिथे होतं, तिथे होता. तिथून पुढे काहीच नव्हतं.

त्या दिवसाची शाबासकी मी घेतली. सोमारीने कुणाला काही सांगितलं नाही, पण त्यानंतर ती माझ्या गाडीत कधी बसली नाही. एटापल्लीत अजूनही एखादा म्हातारा सांगतो, दसरूने गारांवरून गाडी उतरवली होती. मी मान डोलावतो.

त्याला ठाऊक होतं का, दांडा कुणी बिघडवला ते? ठाऊक असून मला वाचवलं? की वाचवायचं होतं बाकीच्यांना, आणि मी आपला गाडीत होतो म्हणून वाचलो?

तो ट्रक मी अकरा वर्षं चालवला. सीट एकदाही गार लागली नाही.

काल सकाळी नातीने माझ्यासाठी अंगणात खुर्ची मांडली. ऊन अजून आलेलं नव्हतं. मी टेकलो...

गरम होती.

"इथी कोन बसलं होतं का?" मी विचारलं. नात नाही म्हणाली.

तरी मी उठलो नाही.