आवाजाच्या दिशेने

"तात्सुजी त्या रात्री फक्त मुलीची औषधं आणायला निघाला होता," आजोबांनी सुरुवात केली. जेवणं उरकली होती, बाहेर ओदाते शहरावर बर्फ पडत होता. "माझा दोस्त तो. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. विद्यापीठात प्रयोगासाठी ठेवलेली अकिता जातीची कुत्री सांभाळायचा. तिथे त्यांना एक सुई टोचायचे, की शरीर आपल्याच डोळ्यांवर उलटायचं. डोळे लाल व्हायचे, दृष्टी जायची, काळं कुत्रं पांढरं पडायचं. शेवटी मारून डोळे तपासायचे."

"मुद्दाम आजारी पाडायचे?" त्यांची नात कोझुए उसळली. "आणि तुमचा दोस्त घरी येऊन सुखाने जेवायचा?"

"त्याच्या मुलीला, चिनात्सुला तोच आजार होता, पोरी. सतरा वर्षांची. पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या. एक डोळा गेलेला, दुसरा जात होता. आता बोल."

कोझुए त्यांच्याजवळ सरकली.

"कुत्र्यांना नुसते नंबर असायचे. नाव ठेवायचं नाही, असा दंडकच. पण या येड्याने एकीला ठेवलं. सुमी. ती आंधळी झाल्यावर हा सारखा बोलत राहायचा. आवाजाच्या मागे ती पायाशी यायची. आदल्या दिवशी, शुक्रवारी, तिला शेवटची, मारायची सुई द्यायची होती, ती पिंजऱ्यातून हलेना. तेव्हा यानेच हाक मारून टेबलापर्यंत आणली."

"आजोबा..."

"ऐक. शनिवारी दुपारी प्रयोगात मेलेल्या प्राण्यांच्या स्मारकाच्या दगडापाशी वर्षाची प्रार्थना होती. फुलं वाहायची, पाणी ओतायचं, सगळ्यांची मिळून माफी मागायची. याला शब्दच सुचेनात. सवयीने पुटपुटला, 'सुमी, ये गं.'

रात्री औषधं घेऊन नदीकाठाने परतत होता. मागे पावलं. अडखळणारी. कुंपणाला धडकली. थांबली... पुन्हा आली.

वळून पाहिलं. नुसता बर्फ.

हाक ओठांवर आली. त्याने मूठ दातांत धरली. हाक दिली, तर ती घरापर्यंत येणार. घरात आजारी पोर...

तो गप्प राहिला.

पावलं गोल फिरू लागली. हुंगत. शोधत. एकदा बारीक कण्हली...

तो गप्पच.

मग पावलं नदीकडे वळली. पाण्यावरचा बर्फ तडकला. आणि...

काही नाही."

आजोबांनी चहाचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

"घरी येऊन हा भिंतीला टेकून रडला. चिनात्सु चाचपडत आली. 'बाबा, कुणाचं कुत्रं आणलंत? बाहेर धापा टाकतंय.' याने दार सताड उघडलं. 'सुमी! सुमी, इकडे!' गल्ली जागी होईतो ओरडला. कुणी आलं नाही."

"चिनात्सुचा दुसरा डोळा?" कोझुएने हळूच विचारलं.

"फेब्रुवारीत गेला."

आजोबांनी दाराकडे पाहिलं.

"त्यांच्या दाराला खालपर्यंत काच आहे. थंडीत रोज रात्री काचेवर हिमाची जाळी चढते. पण गुडघ्याच्या उंचीवर, नाक टेकवावं एवढी एक गोल जागा आहे. तिथे हिम धरतच नाही. याही वर्षी. काल मी बाहेरून हात लावून पाहिला..."

"मग?"

"ऊबदार होती."