डावा हात

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर दिवा लावा म्हणून माझ्या मागे लागू नका. ही गोष्ट आमच्या शेजारच्या वायरमनची. मला सख्ख्या भावासारखा, म्हणून सांगतो.

डिसेंबरातला शेवटचा रविवार. संध्याकाळी तो टाके मारायची सोल्डरची तार आणायला बाजारात गेला आणि घेऊन आला. बायको जाऊन चार महिने झाले होते. घर नुसतं खायला उठायचं. मला फार वाईट वाटायचं त्याचं. रात्री बोलायला एकच माणूस, दूरगावचा दोस्त, तोही हॅम रेडिओवर, ज्यावर ऐकताही येतं आणि बोलताही. दोघांनी आपापले सेट घरीच बनवलेले. पण आठवडाभर ह्याचा सेट रुसला होता. ऐकू यायचं सगळं, बोलायला बटण दाबलं की घुर्रर्र करून मान टाकायचा. बोलताना लागणारा जास्तीचा करंट पॉवर सप्लायला पेलत नव्हता.

त्या रात्री दोस्ताचा आवाज आला, "अरे, आहेस ना? बरा आहेस ना?"

ह्याला उत्तर देता येईना. त्यानं प्लग उपटला, सेट उलटा केला. मोठ्या कपॅसिटरपाशी एक टाका सुटलेला दिसला. आता हा कपॅसिटर म्हणजे महाबिलंदर, प्लग काढला तरी पोटात करंट धरून बसतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून तो आधी उतरवायचा, मगच हात घालायचा. जन्मभर हाताखालच्या पोरांना हेच शिकवलं गड्यानं, आणि त्या घाईत स्वतःच विसरला! उजव्या हातानं सेटचा पत्रा धरला, डावा पुढे नेला...

हात पुढे जाईना.

मागून कुणीतरी धरला होता. घट्ट.

खोलीत कुणी नाही. दाराला आतून कडी.

पकड ओळखीची होती. सेट उघडला की ती मागे उभी राहायची, त्याचा डावा हात धरून. दोन्ही हात घातले तर करंट छातीतून जातो ना! "तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी?" म्हणायची.

त्यानं पत्रा सोडला. उजव्या हातानं स्क्रूड्रायव्हर टेकवला.

फाट्!

टोक वितळलं.

"अगं..."

...

पकड सैल झाली.

"थांब ना. थांब गं जरा..."

...

सकाळी मी गेलो, तर डाव्या हाताच्या पाठीवर नखांच्या चार खुणा. खोल. रक्त साकळलेलं. म्हटलं, मलम लावतो.

त्यानं हात पटकन मागे घेतला.

"नको रे," म्हणाला. "मलम लावलं तर बऱ्या होतील त्या."