चाळीस मिनिटांचा फोटो

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. संगमेशमामांनी मला जसं सांगितलं, तसंच लिहितोय.

१८ डिसेंबर १९९८. अमावस्या. गगनबावड्याचा माळ.

मामांचा शाहूपुरीत फोटो स्टुडिओ होता, पण जीव सगळा आभाळात. हजारेक वर्षांपूर्वी एक तारा फुटला, त्याचा धुरकट ढग अजून आकाशात आहे. त्याचा फोटो त्यांना हवा होता. दुर्बिणीवर बसवलेल्या कॅमेऱ्याचं शटर चाळीस मिनिटं उघडं ठेवायचं. तेवढा वेळ दुर्बिणीला डोळा लावून, तारा सरकेल तशी तिची कळ हातानं फिरवत राहायची. हात सुटला, की फोटोत ताऱ्यांच्या नुसत्या रेघा.

म्हणून घड्याळ बघायला दानेश्वरीमामी सोबत असायची. तिचं माहेर सीमेपलीकडचं. दर पाच मिनिटांनी कानडीत मोजायची.

ऐदु, म्हणजे पाच. हत्तु, म्हणजे दहा.

त्याच वर्षी मे महिन्यात मामी अचानक गेली. मामा तेव्हा कागलला एका लग्नाचे फोटो काढत होते. शेवटचं बोलणंही झालं नाही.

त्या रात्री माळावर मामा एकटेच. ड्रायव्हर गुंडू लांब जीपमध्ये झोपलेला.

शटर उघडलं.

रातकिडे किरकिरत होते...

...आणि एकदम थांबले.

"ऐदु."

अगदी मागून. हळू.

मामांनी कळ घट्ट धरली. वारा असेल... त्यांनी डोळा हलवला नाही.

"हत्तु."

मग बऱ्याच वेळानं... "हदिनैदु."

पंधरा.

डोळ्यांत पाणी आलं. तारा दिसेना.

"दानू... मी नव्हतो गं तवा तुझ्याजवळ."

मोजणं थांबलं.

मागं कुणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी घेतात तसा...

"अहो..."

मामांनी कळ सोडली. गर्रकन वळले.

कुणी नव्हतं.

बॅटरीच्या उजेडात दव पडलेलं गवत. त्यावर फक्त मामांच्याच पावलांच्या खुणा.

ते तिथंच बसून तिला हाका मारत लेकरागत रडले. गुंडू धावत आला. "मालक, कुणाला हाका मारताय?"

शटर बंद करायचं भान कितीतरी वेळानं आलं.

फोटो वाया गेला, असं धरूनच मामांनी फिल्म धुतली. आणि बघतच राहिले...

एकही रेघ नव्हती.

प्रत्येक तारा टिंबासारखा. मधोमध तो ढग, लख्ख.

मामा रडत बसले होते, तेव्हा कळ कोण फिरवत होतं?

तो फोटो मी एकदाच हातात धरलाय. पुन्हा धरवत नाही.

"मामा, भ्या न्हाय वाटलं?" मी विचारलं होतं.

"भ्या कसलं रं?" मामा म्हणाले. "म्होरं कायतरी सांगायचं हुतं की तिला... मी वळाय नको हुतं."