लेकीचा हुंदका

माझी लेक अनुपमा मांडवगण फराट्याला दिली होती. तापाचं निमित्त झालं आन् गेली. वरसाच्या आत जावयानं, इंद्रजीतनं, दुसरं लगीन केलं. आपल्यात दुसरेपणाची बायको लेकीच्या जागी मानतात, म्हणून ओटीचं सामान घेऊन मी माझ्या गावावरून, राहूवरून निघाले.

दुपार होती. घर पार उसात. वारा पडलेला, पाटाच्या पाण्याचा कुबट वास. इंद्रजीतनं दारातच पाय धरले. त्याच्या गोड बोलण्याचं गावाला लई कौतुक, मलाबी होतं. सारिका, नवी नवरी, भिंतीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले.

अनुचं नाव निघालं आन् तो रडला.

मी जागच्या जागी गार पडले. हुंदका आत ओढला की मधीच अडकायचा, मग बारीक शीळ घातल्यागत सुटायचा... अनु अगदी लहानपणापासून तशी रडायची. आवाजबी तिचाच. बाप्याच्या गळ्यातनं माझी लेक रडत होती. त्याचे डोळे मात्र कोरडे, माझ्या तोंडाकडं लागलेले, जमलं का बघत.

चहाला दूध आणाया तो गोठ्याकडं गेला. सारिका कानाशी आली.

“आई... मला आरशापुढं बसवत्यात. जिव्हारी लागंल असं बोलत्यात. मी रडले की नुसतं बघत बसत्यात. मग तसंच करून दाखवत्यात.”

“मारतो का गं?”

“न्हाई. कवाच न्हाई.” मग लई हळू म्हणाली, “अनुताई तापात तळमळत होत्या... तवाबी बघत बसलो, म्हणाले. दवाखान्यात न्हेलं न्हाई. हसत सांगितलं.”

ओटी तशीच राहिली. मी तिचा हात धरला आन् मागच्या दारानं उसातनं सडकंला आणली. जीप मिळाली. तो मागं आला न्हाई.

सारिकाला आईबाप न्हाईत, ती माझ्यापाशीच असती. भाजी खुडती, दोन घास खाती.

इंद्रजीत त्या घरात एकटाच ऱ्हातो. पण खुरपायला जाणाऱ्या बाया सांगाया लागल्या, भर दुपारी आतनं बाईचा आवाज येतो... “आई आली का?” मी म्हटलं, त्योच करत आसंल. तरी जीव ऱ्हाईना.

परवा जाऊन बांधावर उभी राहिले. बंद दारामागनं अनुचाच आवाज आला. “आई आली का?”

आन् त्याच टायमाला समोरच्या सडकंनं, हातात बाजाराची पिशवी घेऊन, इंद्रजीत घराकडं येत होता.