गोदाकाठचा हरवलेला दगड

पूर ओसरला, पण सरकारी दगड जागेवर नव्हता.

नांदेडच्या घाटाखालच्या भाडेपट्ट्याच्या जमिनींना निजामाच्या काळापासून एक सवलत होती. गोदावरीचं पाणी त्या दगडाला शिवलं, की त्या वर्षीचं भाडं निम्मं. दगडच नाही, तर सवलत कसली? आणि पूर्ण भाडं सरजाबाईला झेपणारं नव्हतं. तिच्या रोपवाटिकेत गुडघाभर गाळ साचला होता. भाडं थकलं, की पट्टा जाणार. शेजारच्या पट्ट्यावरच्या मंगल कार्यालयाचा मालक दयानंद तर पार्किंगसाठी टपूनच बसला होता.

"त्यानंच उचलला, मॅडम," सरजाबाई भूमापक राजश्रीला म्हणाली. "म्या अर्ज देलाय. जुन्या हुकमात हाय न्हव, दगड हलवील त्याचा पट्टा जातो म्हून? त्याचा पट्टा काढून घ्या. अजाबात सोडू नका!"

"तुम्ही तो दगड पाहिलाय का, मावशी?"

"न्हाई बा. कागदाचं समदं सासरे बघायचे."

सरजाबाई वर कुंड्या धुवायला गेली. राजश्रीने नकाशा काढला, घाटाच्या पायरीपासून फीत धरली आणि शिपाई व्यंकटला खणायला लावलं. हातभर खोल खड्डा लागला. कडांना मागच्या पुराचा वाळका गाळ होता, आत या पुराचा ओला गाळ भरलेला, आणि तळाशी नारळाच्या करवंट्या अन् शेंदराचे पापुद्रे.

दयानंद काठावर येऊन उभा राहिला.

"तुमचा जेसीबी इथं आला होता?"

"इथं? रोपं तुडवून? या बाईनं मला जित्तं ठिवलं असतं का, मॅडम?"

बोलणं पटण्यासारखं होतं. खड्ड्याच्या कडाही हळुवार, खुरप्याने कोरलेल्या होत्या.

शेंदराचा एक पापुद्रा हातात घेऊन राजश्री चढ चढून वर गेली. बाभळीखाली सरजाबाईचा म्हसोबा होता. नदीकाठचे देव गोलमटोल गोट्यांचे असतात, हा मात्र चौकोनी आणि घडीव होता. तिने पाठीमागचा शेंदूर नखाने खरवडला. खाली आकडा कोरलेला होता. नकाशावर होता तोच.

 क्षणभर वाटलं, शेंदूर परत लिंपून टाकावा. पण मागोमाग आलेला दयानंद वाकून बघत होता.

"मावशी, हा देव इथं कधी आणला?"

"दोन वर्सं झाली की. मागल्या पुरात बिचारा गळ्यापतूर गाळात व्हता. म्या अन् लेकीनं खुरप्यानं काढला, दोरानं वडीत आणला. का वो?"

राजश्रीने खालमानेने सगळं उलगडून सांगितलं. खड्डा मागच्या पुराच्या गाळात कोरलेला, या पुराच्या गाळाने भरलेला, म्हणजे दगड या पुरात गेला नाही, मागच्याच पुरानंतर निघाला. तळाशी शेंदूर, म्हणजे तिथेही त्याची पूजा होत होती. चोराने तो नदीत लोटला असता. खुरप्याने सोडवून, उंचावर नेऊन, नारळ फोडला असता तो भक्तानेच.

"हाच सरकारी दगड, मावशी. हलवणारं माणूस तुम्हीच."

सरजाबाई म्हसोबाकडे बघत राहिली.

"मंग मह्या अर्जाचं?"

अर्ज राजश्रीच्या हातातच होता. खाली सरजाबाईचा अंगठा होता. दयानंद अजून मागेच उभा होता. राजश्रीने पंचनामा लिहिला आणि तिच्यापुढे केला. 

सरजाबाईने अंगठा उमटवला आणि उरलेली शाई पदराला पुसली.

"पट्टा घ्या, मॅडम. पर देवाला परत खाली नका नेऊ. बुडतो वो त्यो."