पुढच्या चाकातली हवा

सकाळी टपालाची पिशवी भरण्याआधी टायरमध्ये हवा भरायची आणि दुपारी पाहावं तर टायर पुन्हा मऊ. या उद्योगाला पोस्टमन इतका वैतागला होता, की एके दिवशी पत्रं वाटून झाल्यावर तो घरी न जाता तसाच पुलापलीकडच्या सायकलच्या दुकानाकडे वळला. त्याच्या आईने सकाळीच टोमणा मारला होता, "तुझ्या सायकलपेक्षा माझे गुडघे बरे. निदान रोज एका सुरात कुरकुरतात." म्हातारीच्या जिभेला हाड नव्हतं, पण बोलणं खरं होतं.

त्या दुकानाची तारीफ तो दारोदार ऐकत होता. शिंपी म्हणे, "एकदा त्याच्याकडून हवा भरून घे आणि पंप विकून टाक." बेकरीवाला म्हणे, "वर्ष होत आलं, टायर दगडासारखं आहे." चित्रकलेच्या बाई तर रोज अंगठ्याने टायर दाबून बघत आणि स्वतःशीच हसत. गिऱ्हाईकांची तक्रार एकच, की माणूस जरा जास्त चौकशा करतो. पण फुकटच्या चौकशीला कोण कंटाळतो?

दुकान अरुंद होतं. दारातच पंक्चर शोधायची पाण्याची घमेली, भिंतीवर ट्यूबच ट्यूब. रबराचा आणि सोल्युशनचा वास तर होताच, पण त्याच्या खाली आणखी एक वास होता. आजारी माणूस बरेच दिवस झोपलेल्या बंद खोलीत येतो, तसला कोमट वास. सायकलवाला किडकिडीत होता. एवढा पंप मारत होता, पण धापेचं नाव नाही. पोस्टमनला त्याचं कौतुकच वाटलं.

"घरी कोण वाट बघतंय?" पुढचं टायर भरता भरता सायकलवाल्याने विचारलं.

"आई."

सायकलवाला व्हॉल्व्हशी वाकला, पुटपुटल्यासारखं "आई" म्हणाला आणि शेवटचा दाब देऊन पंप काढला. मग मागच्या चाकाकडे सरकला.

"आणखी?"

"मुलगी. शाळेतून आली असेल एव्हाना. दुसरीत आहे."

"कोवळी आहे म्हणजे," तो समाधानाने म्हणाला. व्हॉल्व्हशी वाकून त्याने "मुलगी" म्हटलं. "आणि मंडळी?"

"बायको कामाला जाते, इस्पितळाच्या धुलाईखान्यात. संध्याकाळी येते."

"मग राहू द्या. जे घरात असतात तेवढे पुरतात."

पोस्टमन हसला. चाकं दोन, त्याला आणखी किती माणसं हवी होती कोण जाणे.

टायर खरोखरच दगडासारखी झाली. पोस्टमन खुशीत होता. तोही आता दारोदार त्या दुकानाचे गोडवे गाऊ लागला आणि त्याच्या शब्दावर चार गिऱ्हाइकं तिकडे गेलीसुद्धा. याच दिवसांत त्याच्या मुलीला, म्हणजे ठकीला, धाप लागायला सुरुवात झाली. आधी जिना चढताना, मग चालताना, मग नुसतं बोलताना. गल्लीतल्या पोरांना पळून पळून दमवणारी ही मुलगी उशीला टेकून बसायची आणि एक वाक्य तीन तुकड्यांत बोलायची. डॉक्टरने नळी लावून पाहिली, फोटो काढून पाहिला आणि हात टेकले. छाती स्वच्छ होती. नुसता श्वास कमी पडत होता. नवरा-बायकोचा जीव टांगणीला लागला. आतल्या खोलीत म्हातारीही धापा टाकत होती, पण ते सगळ्यांनी म्हातारपणाच्या खात्यावर घातलं. खुद्द पोस्टमननेही.

टपालाची जड पिशवी हँडलला अडकवलेली असते, त्यामुळे पोस्टमनच्या सायकलचं पुढचं टायर आधी झिजतं. म्हणून मध्यंतरी त्याने टायर पुढचं मागे आणि मागचं पुढे करून घेतलं. सायकलवाल्याने हवा सोडली नाही. बारीक रबरी नळी लावून दोन्ही टायरांतली हवा त्याने वेगवेगळ्या ट्यूबांत काढून घेतली आणि टायर बदलल्यावर ज्याची त्याच्यात परत भरली. "हवेचीही काटकसर?" पोस्टमनने चेष्टा केली. "चांगली हवा आहे," तो म्हणाला, "वाया कशाला घालवायची?" पोस्टमनचं सारं लक्ष ठकीच्या औषधाकडे. तो "बरं" म्हणाला आणि ती गोष्ट विसरूनही गेला.

मग एका भर दुपारी शिंप्याच्या दुकानासमोर शिंप्याचं टायर काचेवरून गेलं. फुटलेल्या टायरचा आवाज पोस्टमनच्या ओळखीचा होता. हा तो नव्हता. आधी एक लांब सुस्कारा आला, मग खोकल्याची ओली उबळ, आणि शेवटी अर्धवट, घोगरा शब्द... "थां..." शिंप्याचा बाप दोन वर्षं अंथरुणावर अस्साच खोकायचा. पोस्टमन रोज पत्र टाकताना ऐकायचा. शिंपी सायकल रस्त्यात टाकून घरात धावला. बाप संपला होता.

आठवड्याने सांत्वनाची पत्रं द्यायला पोस्टमन गेला, तेव्हा शिंपी मशीनवर नुसता बसून होता. सुईत दोरा नव्हता.

"मी त्याला जाऊन विचारलं," शिंपी हळू आवाजात म्हणाला. "सायकलवाल्याला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, फुकट घालवलीत. व्हॉल्व्ह त्याच्या तोंडाशी धरून हवा सोडायची होती... घरचंच माणूस होतं." शिंप्याने वर पाहिलं. "तुला कोणाचं विचारलं होतं रे त्याने?"

पोस्टमन तसाच वळला. उरलेली पत्रं पिशवीतच राहिली. सायकलवर बसायचा धीर होईना, म्हणून तो ती हातात धरून, रस्त्यातला एकेक खडा चुकवत घरी आला. बायको कामावर होती. ठकी उशीला टेकून डोळे मिटून पडली होती, ओठ निळसर झाले होते. त्याने सायकल उचलून थेट तिच्या पलंगाशी आणली.

"कोण आहे रे?" आतून म्हातारीने विचारलं. तेवढ्यानेही तिला धाप लागली. "मला जरा... उठवून बसव."

"थांब गं. आधी ठकी. तुझं नंतर बघू."

त्याने आठवून पाहिलं. पुढच्याला आई म्हणालो, मागच्याला मुलगी. त्याने मागचं चाक फिरवून व्हॉल्व्ह ठकीच्या तोंडाशी आणला, तिचे ओठ त्यावर मिटवले आणि नट सैल केला.

हवा कोमट होती. तिला चिंचोक्यासारखा तुरट वास होता. ठकीची छाती वर आली, आणखी वर आली, गालांवर रंग चढला. टायर रिंगला चिकटेपर्यंत ती पीत राहिली. मग तिने डोळे उघडले आणि एक लांब, अखंड श्वास सोडला. इतक्या महिन्यांत त्याने तसा श्वास ऐकला नव्हता. तो पलंगाच्या काठावर डोकं ठेवून रडला.

रडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आतली धाप थांबली आहे.

म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ उघडे, हात अजून गरम. तो धावत सायकलकडे आला. पुढचं चाक आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत नेलं, आणि तिथेच त्याचे पाय थबकले. टायर बदलली होती. पुढचं मागे, मागचं पुढे. ज्याची त्याच्यात परत भरली होती.

पुढच्या टायरात ठकी होती.

"अगं बाई..." मागून आवाज आला.

ठकी पलंगावरून खाली उतरली होती. तिने एक पाय उचलला, गुडघ्यात वाकवला, सरळ केला, परत वाकवला. आवाज ठकीचाच होता, कोवळा. बोलणं तिचं नव्हतं.

"दुखत नाही रे," ती नवलाने म्हणाली. "काही म्हणजे काही दुखत नाही."

"आई," तो म्हणाला. त्या चिमुकल्या चेहऱ्याला आई म्हणताना त्याची जीभ जड झाली. "आई, चूक झाली माझी. तू परत जा. अजून अंग गरम आहे."

"त्या अंगात?" तिने आत डोकावून पाहिलं. कोपऱ्यात टाकलेल्या जुन्या चपलेकडे पाहावं तसं पाहिलं. "कसं जायचं ते मला येत नाही. आणि आलं असतं तरी..."

"ठकी आत आहे. या चाकात."

"मग असू दे. बरी आहे तिथे."

"आई, तुझी नात आहे ती."

"आणि मी तुझी कोण होते?" ती शांतपणे म्हणाली. "तुझं नंतर बघू, म्हणालास. आता तिचं नंतर बघू."

संध्याकाळी बायको आली. लेक दारातच तिच्याकडे धावत आली, तेव्हा तिच्या हातातली पिशवी गळून पडली. सासू गेली म्हणून ती रडली आणि मुलगी बरी झाली म्हणून त्याच डोळ्यांनी हसली. पोस्टमनने तोंड उघडलं, पण सांगणार काय? नवऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, एवढंच तिने ऐकलं असतं. शिवाय कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली होती.

म्हातारीला पोचवून आल्यावर त्याने रजा टाकली. सायकल घरातच ठेवली आणि दोन्ही हातांनी जपली. पुढच्या टायरवर हात ठेवला की आत काहीतरी हलकेच सरकायचं. तो कान लावून बसायचा आणि कुजबुजायचा, "थोडं थांब हं, पिल्ला." ठकीचं अंग घेऊन बसलेली बाई समोरून बघत राहायची, पाय हलवत, काहीबाही चघळत. तो तिच्या पाया पडला, चिडला, रडला. ती म्हणायची, "उद्या बघू." आणि बायको आली, की तिच्या गळ्यात पडायची.

एका पहाटे त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन चढलं होतं आणि सायकल जागेवर नव्हती. ती अंगणात भिंतीला टेकवलेली होती. पुढचं टायर जमिनीला लागलं होतं.

ती पायरीवर बसली होती. हातात व्हॉल्व्हचा नट होता.

"सोडली," ती म्हणाली. "सारखी तू आपला त्या चाकाशी. घरातल्या माणसाकडे लक्षच नाही तुझं."

त्याने धावत जाऊन पुढचं टायर दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.

"फार वेळ नाही रडली," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "आधी तुला हाका मारल्या. तू झोपला होतास."

तो अंगणात गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी हवा चाचपू लागला, कोपऱ्यात, भिंतीशी, तुळशीखाली. तेवढ्यात बायको धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन बाहेर आली. नवऱ्याला असं पाहून तिला भरून आलं. आईच्या जाण्याचं याने फारच मनाला लावून घेतलं, असं तिला वाटलं. ती कपडे वाळत घालू लागली. शेवटचा कपडा दोरीवर टाकून ती एकदम थांबली आणि मागे वळली.

"आई म्हणून हाक मारलीस का गं?"

पायरीवरच्या मुलीने पोस्टमनकडे एकवार पाहिलं. "हो," ती म्हणाली, "मीच."

बायको हसली आणि तिला कडेवर उचलून, तिचे पापे घेत आत गेली. वारा अजिबात नव्हता. दोरीवरचे सगळे कपडे सरळ लोंबत होते. ठकीचा निळा फ्रॉक तेवढा छातीपाशी फुगत होता, खाली बसत होता आणि पुन्हा फुगत होता.