मागं वळून हाक

आमच्या बेटावरच्या गाडलेल्या गावाच्या अवशेषांतून निघताना मागं वळून हाक मारायची नाही, आणि का ते विचारायचं नाही. गाईडच्या कामावर आले तेव्हा स्तामातिसमामानं मला एवढंच शिकवलं. माझी पुरातत्त्वाची पदवी त्याच्या हिशेबी रद्दी होती.

माझ्याआधी हे काम आई करायची. तीन वर्षांपूर्वी क्रूझच्या घोळक्यातली एक म्हातारी मागं राहिली, म्हणून आई हाका मारत आत गेली. म्हातारी दुसऱ्या दारानं बाहेर आली. आई आलीच नाही. राखेवर तिचं पाऊलसुद्धा उमटलं नव्हतं. कबर नाही. कालिरोईमावशी गेलेल्यांसाठी करतात तसे तिच्यासाठी गहू उकडते, डाळिंबाचे दाणे घालून शेजाऱ्यांना देते, पण तिचं नाव घेत नाही.

त्या दुपारी पर्यटक बंदराकडे गेले आणि मी छपराखालचे दिवे मालवायला आत शिरले. गाडलेल्या गावाची ती अरुंद गल्ली, तडकलेले रांजण, ज्वालामुखीच्या राखेचा कोरडा वास. शेवटचा दिवा मालवला आणि त्या वासात तुळस मिसळली. आई कानामागे तुळशीची डहाळी खोचायची.

"सांभाळून... इथली पायरी मोडलीय."

तिचंच वाक्य. प्रत्येक घोळक्याला ती हेच सांगायची.

मी धावत बाहेर आले. मामा जुन्या व्हॅनमध्ये बसला होता, मागं मावशी.

"मामा, आई आत आहे!"

"गाडीत बस."

"म्हणजे तुम्हालाही ऐकू येतं?"

मावशीनं तोंडावर रुमाल धरला. "रोज."

"आणि रोज गाडी सुरू करून घरी जेवायला जाता? शाबास!"

"पोरी, माझी सख्खी बहीण आहे गं ती," मावशी म्हणाली. "पण हाक तिला एकटीलाच ऐकू जात नाही... राखेखाली गाडलेले सगळेच हजारो वर्षं ताटकळलेत तिथे."

मी चढले, दार उघडंच ठेवलं आणि मागं वळले.

"आई! चल घरी!"

व्हॅनची पायरी करकरली. तुळशीचा वास आला. माझ्या शेजारची सीट हलकेच दबली. मी तिथं हात ठेवला. हाताला गार राख लागली, आणि मला रडू फुटलं.

पायरी पुन्हा करकरली. या वेळी तुळस नव्हती.

"दार लाव," मामा कुजबुजला. "अजून वेळ आहे... लाव!"

"नाही लावणार. दार लावूनच तुम्ही तिला तीन वर्षं आत ठेवलंत."

पायरी करकरतच राहिली, आणि व्हॅन हळूहळू खचत गेली.